धरणाचे दरवाजे बंद करतानाही सांगा, साहेब

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार.

पाण्याचा पीव्हीसी पाइप वीस फुटांचा येतो. नदीवरच्या मोटारीपासून धानाच्या बांध्यांपर्यंत आम्ही तो तीन फूट खोल पुरला होता. त्यातले अडीच पाइप आता जमिनीत नाहीत. दीड वाहून गेला, एक दरडीतून बाहेर येऊन हवेत लोंबतो आहे. नदीत वावर किती गेलं हे कळायला मला मोजणीची फी भरावी लागत नाही, पाइप मोजले की झालं. सात पावसाळ्यांत पन्नास फूट. मोटार तीनदा मागे घेतली.

मी पूर्व विदर्भातला, नदीकाठी धान लावणारा माणूस. आमच्या वर जे धरण आहे त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तेवढ्या एका धरणाचा खुलासा येईल आणि पत्र फायलीला लागेल. दरवाजांची धरणं वर्धेवर आहेत, पैनगंगेवर आहेत, वैनगंगेवर तर आहेतच.

दरवाजे उघडायचे असले की मोबाइलवर मेसेज येतो : इतके दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, इतका विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. भोंगा वाजतो, गावात दवंडी होते. या व्यवस्थेला मी नाव ठेवणार नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. तेव्हापासून उघडण्याच्या बाबतीत सगळेच जागे असतात.

बंद करताना मात्र कुणी काही सांगत नाही. आमचा काठ पडतो तो तेव्हा.

शहरातल्या माणसाला वाटतं, पूर काठाला धडका मारतो आणि काठ पडतो. तसंही होतं, पण आमच्याकडे बराचसा काठ पाणी उतरल्यावर पडतो. पूर असतो तोवर पाणीच दरडीला बाहेरून टेकू देतं. चार दिवस पाणी चढलेलं राहिलं की काठ आतपर्यंत भिजतो, पाणी पिऊन जड होतो. मग वर दरवाजे मिटतात आणि नदी एका रात्रीत पंधरा हात खाली जाते. बाहेरचा टेकू गेला, आतलं पाणी तसंच. ते दरडीतून पाझरत बाहेर येतं. आमच्या दरडीत वर काळी चिकण माती आहे, खाली रेतीचा थर. पाझर त्या रेतीचे कण ओढून नेतो, खाली पोकळी होते, वरची माती छज्जासारखी लोंबत राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलेलं असतं, नदी शांत असते, आणि धप्प असा आवाज येतो. गुराखी पोरांना तो आवाज ओळखीचा झाला आहे. धरण नव्हतं तेव्हा काठ पडत नव्हता असं नाही. पण पाऊस ओसरला की पूर आपल्या गतीने उतरायचा, काठाला निथळायला वेळ मिळायचा.

दुसरं कारण सावकाश काम करतं. नदीचा गाळ धरणाच्या पोटात बसतो आणि खाली येतं ते निवळ पाणी. निवळ पाणी भुकेलं असतं. वाहून न्यायची माती वरून मिळाली नाही, की ते खालचं तळ खातं, मग काठाचा पाया खातं. 2017 पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तलावांतला गाळ काढून शेतात टाकायचा. योजना चांगलीच आहे. पण वरच्या शिवारात ट्रॅक्टरने गाळ पडतो आणि खालच्या शिवाराचा गाळ नदी घेऊन जाते, हे पाहून हसू येतं.

रेतीचंही सांगतो, नाहीतर तुमचे अधिकारी सांगतील. पात्रातली रेती उपसली की तळ खोल जातं आणि दरड आणखी उंच, आणखी कमजोर होते. ट्रॅक्टर आमच्याच गावचे आहेत. तो दोष आमचा. पण रेतीघाट नाही तिथेही काठ पडतो आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन नावाचं धरण आहे. विजेच्या मागणीप्रमाणे तिथे पाणी दिवसातून कमी-जास्त होई आणि खालचे रेतीचे काठ झिजत गेले. 1996 मध्ये तिथल्या सरकारने बंधन घातलं : विसर्ग तासाला 4,000 क्युसेकपेक्षा जास्त वाढवायचा नाही आणि तासाला 1,500 क्युसेकपेक्षा जास्त घटवायचा नाही. आकडे पाहा, साहेब. घटवण्याची मर्यादा वाढवण्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी होती. त्यांची नदी वेगळी, आमचा पावसाळा वेगळा, तो आकडा इथे लागू करा असं मी म्हणत नाही. पण उतरत्या पाण्यालाही नियम असतो, एवढं तरी आपल्या धरणाच्या परिचालन सूचीत यावं. कोणत्या तारखेला पाणी किती पातळीपर्यंत ठेवायचं हे त्या सूचीत असतं. विसर्ग तासाला किती घटवायचा, हेही त्यात लिहा.

अभियंत्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. सप्टेंबरात तलाव भरून घ्यायचा असतो, म्हणून पाऊस थांबला की दरवाजे मिटायचे. बरोबर आहे, त्याच पाण्यावर कुणाचं तरी धान निसवतं. पण एका रात्रीऐवजी दोन-तीन दिवसांत, पायरीपायरीने मिटले तर जे पाणी जादा जाईल, त्याचा हिशोब एकदा मांडा. आणि माझ्या पन्नास फुटांचाही मांडा. धरणाखाली ठरावीक ठिकाणी खुणेचे दगड रोवा, पावसाळ्याआधी आणि नंतर काठ मोजा, आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मग माझ्या पाइपावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही.

मदतीचं म्हणाल, तर जमीन खरडली किंवा नदीने प्रवाह बदलून नेली की हेक्टरी 47,000 रुपये मिळतात. खरडलेल्या जमिनीवर माती टाकता येते. गेलेल्या काठाच्या जागी आज नदी आहे. एका कार्यालयात मला विचारलं गेलं, “पाऊस तर थांबला होता, मग नुकसान कसलं?” सातबाऱ्यावर माझं क्षेत्र अजून पूर्ण आहे.

पूर आला की मोठी माणसं बोटीतून पाहणीला येतात. तुम्ही पूर ओसरल्यावर या. दरवाजे मिटले की तिसऱ्या दिवशी, दुपारच्या उन्हात. मोटारीजवळच्या मोहाखाली खाट टाकतो. काठापासून मात्र दहा हात मागेच उभे राहा.

आपला,
नदीकाठचा एक शेतकरी