दंगल झाल्यावर नेट बंद करून काय होणार?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

दंगल कुठलीही असो, बातमी ठरलेलीच. अफवा, दगडफेक, कर्फ्यू, नेट बंद, आणि तिसऱ्या दिवशी "परिस्थिती नियंत्रणात". 2023 ला कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून राडा झाला, मार्च 2025 मध्ये नागपुरात धार्मिक मजकुराची चादर जाळल्याच्या अफवेवरून, आणि धुळ्यात तर 2013 ला हॉटेलच्या बिलावरून भांडण सुरू झालं आणि पोलीस गोळीबारात सहा जण गेले. अहो बिलावरून भांडणं रोज गावोगावी होतात, मग धुळ्यातच का पेटलं? 2008 ला तिथे मोठी दंगल होऊन गेलेली, तेव्हापासून मधल्या चार-पाच वर्षांत दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवायला कोणी काय केलं हे कोणी विचारत नाही, स्टेटसवाल्याला उचलला की विषय संपला!

म्हणून भिवंडीची आठवण काढतोय. 1970 आणि 1984, दोन्ही वेळा मे महिन्यात भिवंडी जळाली. 1970 च्या शिवजयंती मिरवणुकीचा वाद तर आधीची काही वर्षं धुमसत होता, सगळ्यांना माहीत होतं. नंतर 1988 ला सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. निम्मे हिंदू निम्मे मुसलमान, पुढारी शक्यतो नकोत, लूमवाले, दुकानदार, रिक्षावाले अशी साधी माणसं आणि त्यांच्यात त्या भागाचा पोलीस. विषय काय तर पाण्याचं भांडण, गटार, पोरांची मारामारी. खोपडे साहेबांची बदली झाली, त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळांनी काम चालू ठेवलं, आणि डिसेंबर 92 - जानेवारी 93 मध्ये मुंबईत 900 माणसं मेली (श्रीकृष्ण आयोगाचा आकडा) तेव्हा तासाभराच्या रस्त्यावरची भिवंडी शांत राहिली. कारण अफवा आली की खरं-खोटं कोणाला विचारायचं ते लोकांना माहीत होतं, हवालदाराला नावाने ओळखत होते.

आता आमच्याकडची शांतता कमिटी बघा. मंडळाचा कार्यकर्ता म्हणून मी बऱ्याचदा जाऊन बसलोय. गणपतीच्या आठ दिवस आधी फोन येतो, पोलीस स्टेशनच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत तेच ते माजी नगरसेवक, साहेबांना शाल, डीजेच्या आवाजावर दहा मिनिटं, मग समोसा चहा आणि ग्रुप फोटो. ज्या गल्लीत मिरवणूक अडते त्या गल्लीतला एकही माणूस तिथे नसतो, आणि दोन समाजाचे लोक तर हॉलमध्येसुद्धा वेगवेगळ्या बाजूला बसतात!

भिवंडीत सगळं कायमचं ठीक झालं असं पण नाही. 2006 ला तिथेच पोलीस स्टेशनच्या बांधकामावरून हिंसाचार झाला आणि दोन पोलीस मारले गेले. हे काम सतत करावं लागतं आणि त्यात ना फोटो ना मेडल, त्यामुळे नवीन साहेब आला की पहिलं तेच बंद पडतं असं माझं मत. आणि राजकारण्यांना तर यात रस का असेल, इलेक्शनच्या आधी तणाव कोणाला सोयीचा असतो ते मी सांगायला नको.

तुम्हाला एकच विनंती, येत्या सणांच्या आधी तुमच्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस स्टेशनला विचारावं की सण सोडून वर्षभरात मोहल्ला कमिटीची बैठक कधी कधी झाली, कोण कोण हजर होतं, आणि त्या तारखा पेपरात छापाव्यात. झाली नसेल तर तसंही छापा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे जिल्हा