चिरेखाणीवरच्या अण्णांना, जाहीर थँक्यू

अण्णा, हे तुम्हाला तुमची मुलगी वाचून दाखवेल, दहावीत आहे ती आमच्याच हायस्कूलात. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "हां हां ताई" करून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाकीच्यांसाठी सांगते, आमचं गाव देवगड तालुक्यातलं, खाली समुद्र, वर सडा म्हणजे खडकाळ पठार, सड्यावर हापूसची कलमं नाहीतर चिरेखाणी, म्हणजे जांभा दगडाचे चिरे (चौकोनी ठोकळे) काढायच्या खाणी. विजयदुर्गाचा तट ज्या जांभ्याचा, त्याच जांभ्याचं आमचं घर, पणजोबांनी बांधलेलं. गेल्या पावसात पडवीकडची भिंत फुगली आणि घरात आजी एकटी, आम्ही सगळे डोंबिवलीत. गावातली अर्धी घरं अशीच, गणपती आणि मे महिन्यापुरती उघडणारी.

गावातल्याच एका कॉन्ट्रॅक्टरने आज येतो उद्या येतो करत अख्खा पाऊस काढला. दुसरा आला तो बाइकवरूनच म्हणाला पाडा सगळं, स्लॅब मारू, आणि एस्टिमेट टाकलं थेट बाबांच्या व्हॉट्सॲपवर. आजी दारात उभी होती, तिला कोण विचारतंय!

मग तुम्ही आलात. लहानपणी आईबापाबरोबर विजापूरकडच्या तांड्यावरून खाणीवर आलेले, तेव्हा कटर मशीन नव्हतं, पहारीनेच चिरा काढायचे. भिंतीवरून हात फिरवून म्हणालात हे हाताचं काम, देवळामागच्या खाणीतलं. ती खाण बंद होऊन तिथे आता पाणी साचतं, आमच्या पिढीतल्या कोणाला तिथे खाण होती हेच माहीत नाही.

आणि मग पहार खाली ठेवून तुम्ही विचारलंत, "आजी, तुझी भिंत, काढू काय?"

एवढंच. आजी आत गेली, हळदकुंकू आणलं, भिंतीला लावलं, नमस्कार केला, तेवढा वेळ तुम्ही टोपी काढून बाजूला उभे. मग ती म्हणाली, "काढ रे बाबा, पण वायच जपान," म्हणजे जरा जपून. त्या दिवसापासून ती प्रत्येक फोनवर हेच सांगते, भिंतीचं कमी आणि तुम्ही विचारलंत त्याचंच जास्त. जुने चिरे एकही न फोडता काढलेत, तासून परत लावलेत, कमी पडले ते नवीन आणून आधी उन्हावाऱ्यात ठेवलेत, ताजा चिरा मऊ असतो, वारा लागला की कडक होतो, हे मला तुमच्याकडून कळलं, कोकणातली असून.

आता गावच्या ग्रुपवर जे "भायले आले, भायले आले", म्हणजे बाहेरचे आले, करत असतात त्यांना एकच विचारायचंय, दसऱ्यानंतर निळ्या प्लास्टिकखाली संसार मांडून पावसापर्यंत दगडाची धूळ खाणारी ही माणसं नसती तर तुमचे बंगले कोणी बांधले असते? शाळेचा पट कोणाच्या पोरांमुळे टिकलाय? आपली पोरं तर मुंबईला. खाणीचे पैसे मोजताना कोणाला भायले आठवत नाहीत, वस्तीवर पाण्याचा नळ मागितला की बरोब्बर आठवतात. असो, चांगुलपणाला गाव लागत नाही हे आमच्या लोकांना कधी कळणार देव जाणे.

अण्णा, मुलीच्या अकरावीच्या फॉर्मचं मी बघते, ऑनलाइन आहे, टेन्शन घेऊ नका. आणि आजीने निरोप दिलाय, यंदा गावी जायच्या आधी घरी जेवायला यायचं, वहिनींना घेऊन, आणि येताना पहार पण आणा म्हणाली, न्हाणीची भिंत दाखवायचीय.