रणरागिणी आणि तबक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात दहावीच्या निकालाची बातमी वाचली. मथळा ठरलेलाच, 'यंदाही मुलींचीच बाजी'. मुली ९६.१४ टक्के, मुलगे ९२.३१. फोटोही ठरलेला, हवेत उड्या मारणाऱ्या चार मुली. पास झालेले मुलगे त्या दिवशी कुठे गायब होतात, हे तुमच्या छायाचित्रकाराला एकदा विचारून कळवा. असो. अभिनंदन सगळ्यांचंच.

बाजी मारणाऱ्यांत माझी नातही आहे. तिच्या शाळेने फळ्यावर 'आमच्या रणरागिणी' असं रंगीत खडूने लिहिलंय. याच रणरागिणीला डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या दिवशी, सकाळी साडेआठपासून नऊवारी नेसून फाटकापाशी उभं केलं होतं. हातात औक्षणाचं तबक. प्रमुख पाहुणे उगवले पावणेबाराला! वाऱ्याने निरांजन विझायचं, की बाई पुन्हा लावायला लावायच्या. नऊवारी भाड्याची, साडेतीनशे रुपये, अर्थातच आमच्या खिशातून. वर्गातले मुलगे तोवर मागच्या मैदानात क्रिकेट खेळत होते. त्यांना काम नव्हतं असं नाही हो. बाकं उचलायची होती, ती आदल्या दिवशीच उचलून झाली होती.

मी बाईंना म्हटलं, दोन मुलगे फेटा बांधून उभे केले तर? बाई हसल्या. "अहो आजी, मुलांच्या हातात तबक बरं दिसतं का?" मी पुढे काही बोलणार, तर नातीनेच कोपराने ढोसलं. दहावीचं वर्ष, तोंडी परीक्षेचे गुण त्यांच्याच हातात.

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले होते. मी ते चित्र कौतुकाने शेजारणीला नेऊन दाखवलं होतं. ते पुस्तक शिक्षकांच्या खोलीत कुणी उघडलंय की नाही, शंकाच आहे, कारण तिथे पाहुण्यांचा चहा नववीच्या मुलीच नेतात. रांगोळीही त्यांचीच. चित्रकलेत पहिला येणारा मुलगा असला तरी.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर तुम्ही दोन आठवडे छापलेलं नाही. आडवा ७ अजून अडलाय.

आपली नम्र,
एक आजी, सांगली