खाडी ओलांडायची तर तिथी पाहून निघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की मुंबईहून गोव्याकडे सागरी मार्गाने सायकलस्वारांचे जथे निघू लागतात. रोज किती किलोमीटर, कुठे चढण, कुठे मुक्काम याचा हिशेब चोख असतो. खाड्यांचा मात्र कोणी विचार करत नाही. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार फेरीबोटींवर सगळी सफर अवलंबून असते. दाभोळची शेवटची बोट सुटली, तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो.

बोटींच्या वेळा जेट्टीवर लिहिलेल्या असतात, पण त्या वेळी पाणी किती असेल ते कुठेच लिहिलेले नसते. त्यासाठी कोकणातला जुना हिशेब पुरेसा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या आसपास. हा आडाखा मुंबईजवळचा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. यातून लक्षात घ्यायची गोष्ट ही, की पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण असते तेव्हा भरती दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान येते आणि ओहोटी नेमकी सकाळी-संध्याकाळी. पहिल्या आणि शेवटच्या बोटीची वेळही तीच. पाणी सर्वांत खाली असताना बोट जेट्टीवरून पाण्यात जाणाऱ्या काँक्रीटच्या उताराच्या टोकाशी लागते आणि एरवी पाण्याखाली असणारा शेवाळलेला भाग उघडा पडतो. सायकलस्वार पडतात ते तिथे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे हा त्रास बराच कमी. सफरीची तारीख ठरवताना सुट्ट्यांबरोबर पंचांगही पाहावे.

उतारावर सायकल चालवत नेऊ नये. तळाला लोखंडी क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) असलेले बूट शेवाळावर टिकत नाहीत. ते काढून रबरी तळाच्या सँडल घालाव्यात. मागच्या सामानाचे ओझे सायकलला उताराकडे ढकलते, म्हणून दोन्ही ब्रेक हलके धरून तिच्या बाजूने चालावे. बोटीची लोखंडी फळी आणि काँक्रीट यांच्यात फट राहते. ती चाकाने काटकोनात ओलांडावी, तिरपे गेले की टायर अडकतो. आणि उतरण्यापूर्वीच सर्वांत हलका गिअर टाकून ठेवावा. पलीकडे जेट्टीवरून रस्ता थेट सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळपठाराकडे, चढू लागतो आणि उभ्या सायकलचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) गिअर बदलत नाही.

बोटीवर चारचाकी मागेपुढे होत असतात, तेव्हा सायकल मध्ये उभी करू नये. कठड्याला टेकवून आसनाखालची दांडी पट्ट्याने बांधावी आणि पुढच्या ब्रेकची मूठ रबराच्या कड्याने आवळून ठेवावी. स्टँडवर भरवसा नको, इंजिनाच्या थरथरीने सामान भरलेली सायकल हळूहळू कलंडते. मोटारसायकलच्या सायलेन्सरपासून पिशव्या दूर ठेवाव्यात, नायलॉन क्षणात वितळते.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जाणाऱ्यांचे गणित वेगळे. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, त्यामुळे लाँचचा काठ कधी पायरीच्या बरोबर, कधी कितीतरी खाली. तिथे सायकल हातांनीच द्यावी लागते. आधी सगळ्या पिशव्या उतरवाव्यात, मग एकाने वरून आडवी दांडी धरावी आणि दुसऱ्याने खालून घ्यावी. चाकाला किंवा डिरेलरला धरून ओढले की डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकतो. रेवसला गाळ असल्याने मोठ्या ओहोटीत लाँच खोळंबते, तो वेळ आधीच धरावा. मांडव्याच्या रो-रोवर (गाड्या थेट आत नेता येतात अशा बोटीवर) उचलाउचल नाही, नवख्यांनी तोच मार्ग धरावा.

खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडालेली साखळी एका रात्रीत तांबूस पडते. मुक्कामी गोड्या पाण्याने हलकेच धुवावी (जोराचा फवारा नको, तो बेअरिंगमधले ग्रीस काढतो), कोरडी करून प्रत्येक कडीवर एक थेंब तेल द्यावे आणि जास्तीचे पुसून टाकावे. डिस्क ब्रेक असेल तर चकतीवर तेलाचा हात लागता कामा नये.

रेवस–रेड्डी सागरी महामार्गावर खाड्यांवर पूल होणार, म्हणून आता जेट्ट्यांवर खर्च कशाला, असा सूर ऐकू येतो. पूल होतील तेव्हा होतील, तोवर शाळकरी मुले, मच्छीविक्रेत्या बाया आणि दुचाकीवाले याच उतारावरून जाणार आहेत. महाराष्ट्र सागरी मंडळाने आणि बोटचालकांनी तीन गोष्टी कराव्यात. दर उधाणाआधी उताराचे शेवाळ खरवडावे. चारचाकींच्या वाटेपासून वेगळी, खाचा पाडलेली दीड मीटरची पट्टी कडेने पायी चालणाऱ्यांसाठी आणि दुचाकींसाठी ठेवावी. आणि तिकीट खिडकीपाशी, फेरीच्या वेळांशेजारीच, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहाव्यात.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, रत्नागिरी