नाताळच्या तीन पाकिटांपेक्षा दर मंगळवारची एक पंगत

संपादक महोदय,

नाताळ जवळ आला की कोल्हापूर शहरातल्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी जेवण आणि ब्लँकेटे वाटायचे ठरवतात. हेतू चांगलाच असतो. पण त्या दोन दिवसांत मध्यवर्ती बसस्थानकाबाहेरच्या एकाच माणसाच्या हाती तीन-तीन पाकिटे पडतात आणि जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी रात्री तो उपाशी झोपतो. म्हणून महिला मंडळांना, तरुण संघांना आणि पाळकांना कळकळीची विनंती: नाताळचा खर्च वर्षभरात विभागा. आठवड्यातला एक वार धरा, वेळ संध्याकाळची ठेवा आणि तो वार चुकवू नका.

संध्याकाळच का, तर दुपारी काही ना काही मिळते. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन योजनेतली दहा रुपयांची थाळी दुपारपुरतीच आहे. अंबाबाईच्या देवळाजवळ अन्नछत्र आहे. अडचण रात्रीची. मधुमेहाची गोळी घेऊन रिकाम्या पोटी झोपलेला माणूस पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो.

रात्रीसाठी मुगाची मऊ खिचडी सर्वांत बरी. कित्येकांना दात नसतात, गुटख्याने तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्यांना चपाती-भाकरी चावत नाही. पन्नास माणसांना साडेतीन किलो तांदूळ, दीड किलो मूगडाळ, किलोभर दुधी किंवा गाजर, अर्धा किलो तेल, पाव किलोच्या आत मीठ आणि वीस लिटर पाणी लागते. पातेले चाळीस लिटरचे हवे. माणशी साधारण अर्धा किलो शिजलेली खिचडी येते. कांदा-लसूण मसाल्याचा हात मात्र आवरावा. कोल्हापुरात ते जड जाते, पण तोंड आलेल्या आणि दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला तिखट सोसत नाही. हळद, जिरे, आले एवढे पुरे.

सर्वांत मोठी चूक वेळेची होते. सगळ्यांच्या सोयीसाठी दुपारी दोनला स्वयंपाक उरकतात आणि रात्री आठला वाटतात. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत. अन्न कोमट राहिले की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून पाचला शेगडी पेटवावी, सव्वासहाला पातेले उतरवावे, खिचडी लगेच उष्णता टिकवणाऱ्या डब्यांत भरावी आणि साडेआठच्या आत संपवावी. वाटताना ती ६० अंशांच्या खाली येता कामा नये, साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर जवळ ठेवला की कळते. गरम अन्न पिशवीत बांधून ठेवले की घाम सुटून आंबते. ओल्या नारळाची चटणी, दही आणि बटाट्याची भाजी टाळावी. उरलेली खिचडी दुसऱ्या दिवशी वाटू नये. शिवाय वाटपाच्या तिसऱ्या थांब्यापर्यंत खिचडीचा गोळा होतो, तो सैल करायला थर्मासमध्ये तीन लिटर उकळते पाणी बरोबर असावे.

वाढायला रांग लावू नका, पंगत बसवा. रांगेत धडधाकट पुढे येतात, लंगडे आणि म्हातारे मागे राहतात आणि शेवटी त्यांच्या वाट्याला पातेल्याचे खरवडलेले येते. पंगतीत उलट, जो बसला आहे त्याच्यापर्यंत वाढपी जातो. बाया आणि वृद्धांना आधी वाढावे. झोपलेल्याच्या उशाशी पत्रावळ ठेवून जाऊ नये, कुत्री आणि उंदीर येतात आणि झोपलेल्याला चावे बसतात. चार माणसे पुरतात: एक वाढायला, एक पाण्याला, एक गोळा केलेल्या पत्रावळी पोत्यात भरायला आणि एक वहीसाठी. वहीत कोणाला जखम आहे, कोणाची गोळी संपली, मागच्या आठवड्यातला कोण आज दिसला नाही, एवढे लिहावे. फोटो काढू नयेत. जेवणाआधी प्रार्थनेची अट नको, पत्रके नकोत. ज्याला प्रार्थना हवी असते तो स्वतःहून मागतो.

आता सामानाबद्दल. कोल्हापुरात थंडीपेक्षा पाऊस जास्त छळतो. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोचले की इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात, पण पंचगंगेच्या घाटावर पाणी त्याच्या कितीतरी आधी चढते आणि तिथे झोपणाऱ्यांना सामानासकट हलावे लागते. त्या दिवसांत वाटपाचा थांबाही हलवावा. भिजलेली सोलापुरी चादर पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, मग ती तिथेच टाकून दिली जाते. ब्लँकेटबरोबर सहा बाय चार फुटांचा ताडपत्रीचा तुकडा दिलात तरच ब्लँकेट टिकते. ओआरएसचे (जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेचे) पाकीट द्यायचे तर लिटरची बाटली बरोबर द्या. अख्खे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून चोवीस तासांत संपवायचे असते. बाटली नसली की माणूस ते पेलाभर पाण्यात ढवळतो, मग ते फार खारट होऊन उलट अपाय करते.

पायाच्या जखमेत अळ्या दिसल्या तर स्वतः औषधोपचार न करता १०८ ला (रुग्णवाहिकेसाठी) फोन करून सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, न्यावे. सोबत कोणीतरी थांबावे. भटकणारी, भान हरपलेली व्यक्ती दिसली तर पोलिसांना सांगावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार तिला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणे हे त्यांचे कर्तव्य आहे. तक्रार करण्यापेक्षा हे कलम नम्रपणे दाखवले तर काम लवकर होते. निराधार वृद्धांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

चर्चमध्ये जुने कपडे आणून देणाऱ्यांनी ते धुऊन द्यावेत. नाडीची किंवा इलॅस्टिकची विजार द्यावी, कारण पट्टा कोणाकडेच नसतो. अंतर्वस्त्रे नवीच असावीत. बायकांसाठी सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून द्यावेत, ते बाई स्वयंसेविकेने वेगळे नेऊन द्यावेत. चपला पुरुषांसाठी ७, ८ आणि ९ नंबरच्या लागतात. साड्या मात्र भरपूर जमल्या आहेत, आता त्या आणू नयेत.

ज्या मंडळीला एकटीने आठवडा पेलत नाही तिने शेजारच्या चर्चशी किंवा गल्लीतल्या तालीम मंडळाशी वार वाटून घ्यावा. मंगळवार आणि गुरुवारच्या रात्री अजून कोणीच घेतलेल्या नाहीत.

— एका चर्चच्या अन्नवाटप सेवेतील स्वयंसेवक, कोल्हापूर