काल फोनवर राहून गेलेलं

पोरी,

काल तुहा आवाज तुटत होता अन् बोलणं मधातच राहिलं, म्हणून जेवण झाल्यावर हे टाईप करून राहिलो. तू विचारलं, बाबा काय करू, मी पंचनामा करून राहिली त्या यादीत एक विधवा बाई आहे, तीन एकर सोयाबीन, नुकसान तीस टक्क्याच्या आतच दिसते अन् पंचनाम्यात 33 टक्के असलं तरच मदत भेटते, अन् सोबतचे म्हणतात 33 लिहून टाक, तुह्या खिशातून थोडीच जाते.

तुले एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. तू जन्मली त्या साली दवाखान्याचं देणं होतं, घरात सहा क्विंटल कापूस गंजी लावून होता. रात्री फवारणीच्या पंपानं मी त्याच्यावर थराथरानं पाणी मारलं. तुही माय तुले मांडीवर घेऊन दारात बसून पाहे, एक शब्द बोलली नाही. सकाळी हात घातला तं कापूस थंडगार, ओल्या गोधडीसारखा वास, वरून कोरडा टाकून झाकला. आता सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर मशीन लावतात, ओलावा 12 टक्क्याच्या वर गेला का गाडी वापस, तेव्हा आमच्या व्यापाऱ्याचा माणूस हातानंच पाहे अन् त्यानं वरवर पाहिलं. काटा झाला, पैसे भेटले, मग गाडी खाली करताना मधातला ओला माल निघाला. माह्या मागच्या गाडीत आपल्या धुऱ्याचे, शेजारच्या वावरातले काका होते, त्यांचा कापूस खडखडीत वाळलेला, तरी क्विंटलमागं 100 रुपये कापले, काहून तं म्हणे तुमच्या गावचा माल ओलाच असते. काका वाद घालत बसले नाही, येताना मलेच तंबाखू मळून दिली. ती तोंडात धरवत नव्हती पोरी.

तवापासून काही ठरवायचं असलं का मी पाहतो, मागच्या गाडीत कोण आहे. तुह्या यादीतही आहेत ना ते, ज्यायचं सगळंच गेलं. एक आकडा खोटा निघाला, कोणी तक्रार केली अन् फेरतपासणी लागली तं त्यायचेच पैसे अडकतीन. बाईची दया येते ते चांगलंच आहे, ती सोडू नको.

उद्या पुन्हा जा तिच्या वावरात. धुऱ्यावरून पाहू नको, नाल्याच्या बाजूनं मधात चाल, शेंगा फोडून पाह, वरून बरं दिसते अन् आत दाण्याले कोंब फुटले असतात, आपल्याच वावरात पाहिलं मी. 33 भरले तं बिनधास्त लिही, कोणाले भेऊ नको. नाही भरले तं तिले तूच तोंडावर सांग, जड जाईन पण सांग. अन् तिचं संजय गांधी निराधारचं चालू आहे का विचार, नसन तं कागद तूच जमव, तहसीलले तिच्यासंग जा, तिथं पिकाचे टक्के कोणी विचारत नाही.

काका आता लय थकले. त्यायले त्या कापसाचं मी अजून सांगितलं नाही. दिवाळीले तू आली का दोघं जाऊ त्यायच्या घरी.

तुहा बाबा