काकूंचा आवाज असलेली कॅसेट

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

काकू गेल्याला आठ महिने झाले आणि मी तुला चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. फोनवर जे बोललो ते कोणीही बोलले असते, याची बोचणी मनाला लागून राहिली आहे. प्रकृती ठीक आहे, गुडघे आहेत तसेच आहेत. आज लिहितो आहे, कारण जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे मला समजत नाही.

२५ जानेवारीच्या रात्री आकाशवाणीचे सर्वभाषा कविसंमेलन लावून बसलो होतो. आधी मूळ कविता आणि मागोमाग तिचा हिंदी अनुवाद. अनुवाद सुरू झाला की तू उठून गच्चीत जायचास आणि पुढच्या कवितेला परत यायचास. भाषा कळत नसताना नुसता आवाज काय ऐकायचा, यावरून मी तुझ्याशी किती भांडलो असेन! त्या रात्री मात्र एक काश्मिरी कविता मी अवाक्षर न कळता शेवटपर्यंत ऐकली आणि ती संपताच उठून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

१९८६च्या पावसाळ्यातली, शनिवारच्या राष्ट्रीय कार्यक्रमातली मल्लिकार्जुन मन्सूरांची कॅसेट तिच्यात निघाली. जोडायला वायर नव्हती, म्हणून शेजारचा टेपरेकॉर्डर आपण तुमच्या रेडिओसमोर उशीवर ठेवला होता आणि साडेनऊ ते अकरा श्वाससुद्धा जपून घेत होतो. (रेडिओने १९४० साली हार्मोनियमला बंद केलेले दार १९७१मध्ये किलकिले केले; तुझ्या बाबांनी ते घरात शेवटपर्यंत उघडले नाही, हे आठवून मी एकटाच हसलो.) बुवांची तान वर चढत असते आणि नेमक्या त्या क्षणी काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, "अरे, दूध उतू जातंय, बघा कुणीतरी!" मग सांडशी पडल्याचा आवाज, मग तुझे चिडलेले "आई!", आणि बुवा तसेच पुढे गात राहतात. रेकॉर्डिंग बिघडवले म्हणून तू दोन दिवस काकूंशी बोलला नव्हतास.

आणखी एक कबूल करतो. बुवांचा तो राग नायकी कानडा नव्हताच, तू म्हणत होतास तसा काफी कानडाच होता. निवेदन संपल्यावर आपण बटण दाबले, म्हणून हा वाद इतकी वर्षे चालला. नायकीत धैवत हा स्वर नाही, आणि इथे दूध उतू गेल्यानंतरच्या तानेत तो स्वच्छ ऐकू येतो.

काळजी पुढेच आहे. फितीवर पांढरी बुरशी धरली आहे. दोनदा वाजवली, तर टेपच्या हेडवर तपकिरी भुकटी जमली आणि दुसऱ्या वेळी वरचे स्वर मंद झाल्यासारखे वाटले. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणाऱ्या एका दुकानात नेली. तिथल्या मुलाने थोडीशी ऐकली आणि मोठ्या आपुलकीने म्हणाला, "काका, मधला तो घरातला गोंगाट काढून अगदी साफ करून देतो." मी कॅसेट त्याच्या हातून घेतली आणि घरी आलो. बुवांचे गाणे जगात पुष्कळ ठिकाणी जपलेले आहे. काकूंचा आवाज, तूच मला सांगितलेस, तुमच्याकडे कुठेही नाही. ती आता तिसऱ्यांदा वाजवायला माझा हात धजत नाही, न वाजवता ठेवली तर बुरशी वाढेल, आणि पोस्टाने पाठवायची छाती होत नाही.

निवृत्तीनंतर बंगळूर सोडायचे ठरले का? धाकटीची परीक्षा कशी झाली? वहिनींना नमस्कार सांग.

माझा विचार असा आहे की, फीत यापुढे एकदाच वाजवायची, तेव्हाच ती जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि त्या वेळी तू समोर असायचास. उतरवण्याची तार मी आणून ठेवली आहे. मार्चअखेरीस दोन दिवस काढून ये. तोवर कॅसेट कपाटात कोरड्या जागी उभी ठेवली आहे.

तुझा,
वसंता